निरंक : टोळ इशारा संघटनेची वाटचाल

सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली त्याला 'निरंक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तक्त्यातला रकाना रिकामा सोडायचा नसतो. कळवण्यासारखे काही नसेल तर तिथे 'निरंक' लिहायचे, खाली सही ठोकायची आणि कागद वर पाठवायचा. टोळ इशारा संघटनेचा इतिहास चाळायला बसले की पुढ्यात येतात ते बहुतेक असेच कागद. बिकानेर मंडल, अमुक इतके हेक्टर पाहणी, टोळ निरंक. जैसलमेर, निरंक. फलोदी, निरंक. भूज, निरंक. दर पंधरवड्याला एक पत्रक, आणि अशी वर्षेच्या वर्षे.

स्मरणिकेत असा इतिहास लिहायचा म्हणजे पंचाईतच. वाचकाला धाड हवी असते, आकाश काळे झालेले हवे असते, विमानातून फवारणी हवी असते. तेही पुढे येईल. पण ही संस्था नीट समजायची असेल तर ज्या वर्षी काही घडले नाही त्या वर्षी ती काय करत होती, ते आधी पाहावे लागते.

आपल्याकडे 'टोळधाड' हा शब्द पाहुण्यांसाठी, फेरीवाल्यांसाठी, निवडणुकीतल्या कार्यकर्त्यांसाठी सर्रास वापरला जातो. मूळ टोळ पाहिलेली माणसे मात्र महाराष्ट्रात फार उरलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ ते १९०८ या काळात, मुंबई इलाख्याने टोळांचा मोठा उपद्रव सोसला. पण तो टोळ वेगळा. त्याला कीटकशास्त्रात 'बॉम्बे लोकस्ट' असेच नाव पडले. हिवाळा-उन्हाळा तो सह्याद्रीच्या जंगलात थव्याने काढायचा आणि पावसाच्या तोंडावर खाली गवताळ मुलखात पसरून अंडी घालायचा. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने १९०६ साली त्याच्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. हा टोळ म्हणजे घरचाच चोर. त्याचा बंदोबस्त एका इलाख्याच्या सरकारने करावा आणि विषय संपवावा, एवढाच त्याचा पसारा होता.

वाळवंटी टोळाचे तसे नाही. त्याला घरच नाही. मॉरिटानियापासून राजस्थानपर्यंत सुमारे १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटरचा कोरडा पट्टा, तीसेक देशांचा, हे त्याचे शांत काळातले राहते क्षेत्र. बिघडला की हे क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते आणि साठाहून अधिक देश त्याच्या टप्प्यात येतात. वाऱ्याबरोबर दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर तो सहज जातो. एक प्रौढ टोळ दोन ग्रॅमचा. रोज स्वतःच्या वजनाइतका पाला खातो. ऐकायला हे काहीच नाही. पण एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि असा लहानसा थवा एका दिवसात पस्तीस हजार माणसांचे अन्न फस्त करतो. थवा काही एकच चौरस किलोमीटरचा असेल असेही नाही.

'बिघडला की' असे वर म्हटले, ते जाणूनबुजून. कित्येक वर्षे शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की वाळवंटात एकेकटा हिंडणारा मातकट, गरीब नाकतोडा आणि थव्याने येणारा भडक रंगाचा टोळ या दोन वेगळ्या जाती आहेत. बोरिस उव्हारोव हा रशियातून लंडनला आलेला कीटकशास्त्रज्ञ. त्याने १९२१ साली मांडले की दोघे एकच. गर्दी झाली की तोच कीटक रंग, अंगलट आणि वागणे बदलतो. त्याने हे सांगितले ते टोळाच्या दुसऱ्या एका जातीच्या अभ्यासावरून, पण सिद्धान्त वाळवंटी टोळालाही लागू पडला. पाऊस चांगला झाला, वाळू ओलावली, की मादी दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंड्यांचा पुंजका घालते. दोनेक आठवड्यांत पिल्ले निघतात. पुढे ओल हटते, हिरवळ आक्रसते आणि उरलेल्या झुडपांपाशी सगळी गोळा होतात. अंगाला अंग घासते. मागच्या पायांना होणारा हा स्पर्शच टोळाच्या शरीरात सिरोटोनिन वाढवतो आणि एकलकोंडा जीव काही तासांत कळपात शिरतो, हे २००९ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. माणसाच्या शरीरात हेच रसायन मनःस्थितीशी निगडित मानतात, हा निसर्गाचा विनोद इथे नोंदवून पुढे जातो.

उव्हारोवच्या शोधाने लढाईची जागाच बदलली. टोळ शेतावर आल्यावर थाळ्या बडवणे, डबे वाजवणे, चर खणून पिल्ले गाडणे हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता. आता प्रश्न आला तो असा, की तो जिथे एकटा असतो त्या निर्जन वाळवंटात जाऊन त्याची गर्दी होतेय का हे कोण पाहणार? आणि ते वाळवंट दुसऱ्याच्या राज्यात असेल तर?

हिंदुस्थानात हा प्रश्न १९२६ ते १९३१ च्या धाडीने ऐरणीवर आणला. त्या काळाच्या रुपयात दहा कोटींचे नुकसान झाल्याचा सरकारी अंदाज आहे. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च नुकतीच स्थापन झाली होती. तिने टोळ संशोधनाची योजना आखली आणि ती रावबहादूर वाय. रामचंद्र राव या दक्षिणेतल्या कीटकशास्त्रज्ञाच्या हाती दिली. कोइमतूरच्या हिरवळीत रुळलेला हा माणूस पुढे जवळजवळ दशकभर कराची, मकरानचा किनारा, बलुचिस्तान आणि थर यांच्या वाळूत टोळ मोजत राहिला. मकरानच्या किनाऱ्यावर पसनी या मच्छीमारांच्या गावी प्रयोगशाळा उघडली. रावांचा 'द डेझर्ट लोकस्ट इन इंडिया' हा ग्रंथ १९६० मध्ये निघाला. आजही त्याला वळसा घालून या विषयात पुढे जाता येत नाही.

रावांनी काय दाखवले? मोसमी पावसात टोळ थरमध्ये अंडी घालतो. पावसाळा सरला की त्याची पुढची पिढी पश्चिमेला बलुचिस्तान, मकरान, इराणकडे जाते. तिकडे हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस असतो, तिथे विणते. उन्हाळ्यात पुन्हा पूर्वेला. आणि हा प्रवास फक्त थवे करत नाहीत. एकेकटे टोळही रात्रीच्या अंधारात, कुणाच्या नजरेस न पडता, हेच अंतर काटतात. म्हणजे धाड नसलेल्या वर्षीही रहदारी चालूच असते. थरमधला पावसाळा आणि मकरानमधला वसंत हे एकाच कीटकाच्या घरातले दोन दिवाणखाने निघाले.

या अभ्यासातून १९३९ मध्ये टोळ इशारा संघटना उभी राहिली. मुख्यालय नवी दिल्ली, उपकेंद्र कराची. नावात 'नियंत्रण' नाही, 'इशारा' आहे, याकडे लक्ष द्यायला हवे. नाव ठेवणाऱ्याला काम कळले होते. लंडनमध्ये उव्हारोवच्या हाताखाली जगभरच्या टोळवार्ता नकाशावर मांडण्याचे काम तोवर सुरू झाले होते. १९३१ साली रोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला मान्यताही दिली होती. दुसऱ्या महायुद्धात इराण-अरबस्तानात टोळ उठले तेव्हा ब्रिटन, हिंदुस्थान आणि सोव्हिएत रशिया यांची पथके तिकडे राबली. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या सत्ता, पण सैन्याला धान्य हवे होते. १९४६ मध्ये संघटना नव्या वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयात सामील झाली.

आणि पुढच्याच वर्षी फाळणी. कराचीचे उपकेंद्र पाकिस्तानात गेले, पसनीही गेली. टोळाचा पावसाळी दिवाणखाना दोन देशांत अर्धा-अर्धा वाटला गेला आणि वसंतातला पूर्णच पलीकडे राहिला. भारताची संघटना आता डोळ्यावर पट्टी बांधलेल्या पहारेकऱ्यासारखी झाली: चोर येतो तो दरवाजा दुसऱ्याच्या घरात. १९४९ ते १९५५ आणि पुन्हा १९५९ ते १९६२ अशा दोन धाडी नव्या देशाने सोसल्या. क्षेत्रीय कामाचे ठाणे जोधपूरला आले, बिकानेरला १९५७ मध्ये टोळांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले आणि राजस्थान-गुजरातेत मंडल कार्यालये बसवली गेली. बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, फलोदी, जालोर, चुरू, नागौर, सुरतगड, पालनपूर, भूज. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंट त्यांच्या वाट्याला आहे. गावकरी त्यांना 'टिड्डीवाले' म्हणतात.

पलीकडच्या दरवाजाची सोय १९६४ मध्ये झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा नैऋत्य आशिया वाळवंटी टोळ नियंत्रण आयोग स्थापन केला. टोळांसाठी असे जे तीन विभागीय आयोग एफएओपाशी आहेत त्यांत हा वयाने थोरला. स्थापनेनंतर वर्षाच्या आत यातल्या दोन सभासदांचे युद्ध झाले आणि १९७१ मध्ये आणखी एक. आयोग मोडला नाही. त्याच्याकडे सैन्य नाही, न्यायालय नाही, मोठा पैसाही नाही. त्याचे काम तक्ता भरून घेण्याचे आहे, आणि तक्ता भरायला कुणाची ना नसते.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान मुनाबावचे आहे. बाडमेर जिल्ह्यातले हे सीमेवरचे रेल्वे स्थानक. पलीकडे सिंधमधले खोखरापार. १९६५ च्या युद्धात या दोन स्थानकांमधली गाडी बंद पडली ती थेट २००६ मध्ये सुरू झाली. पण १९७७ पासून, म्हणजे रूळ गंजत पडलेले असतानाही, जून ते नोव्हेंबरच्या हंगामात दोन्ही देशांचे टोळ अधिकारी आलटून पालटून कधी मुनाबावला, कधी खोखरापारला भेटत आले आहेत. आमच्याकडे अमुक ठिकाणी पाऊस झाला, अमुक ठिकाणी हेक्टरी इतके टोळ दिसले, अमुक ठिकाणी पिल्ले आहेत, तमुक ठिकाणी निरंक. मग दुसरी बाजू आपला तक्ता वाचते. हंगामात जोधपूर आणि कराची बिनतारी यंत्रावरूनही बोलतात. राजदूत परत बोलावले गेले, हवाई हद्दी बंद झाल्या, क्रिकेट थांबले; दोन्ही बाजूंच्या प्रवाशांची ही गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा थांबली. त्या वर्षीच्या हंगामातही हे अधिकारी भेटत होते. यात बंधुभाव वगैरे शोधायला मी जाणार नाही. दोघांनाही एकमेकांचे आकडे हवे असतात आणि ते विकत मिळत नाहीत, इतकी ही साधी गोष्ट आहे. पाकिस्तान आणि इराण यांचाही असाच व्यवहार आहे: १९९५ पासून दर वसंतात बलुचिस्तानच्या दोन्ही अंगांना संयुक्त पाहणी. ती पाहणी होते पश्चिमेला, पण तिचा निष्कर्ष वाचला जातो जोधपूरला.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे आहे. जीप घेऊन निघायचे, ठरल्या ठिकाणी थांबायचे, पायी चालत जायचे, झुडपांतून किती टोळ उडतात ते मोजायचे, वाळू उकरून ओल किती खोल आहे ते पाहायचे. पूर्वी हे कागदावर लिहीत. आता हातातल्या ई-लोकस्ट यंत्रावर नोंदले की उपग्रहामार्फत माहिती थेट जाते आणि एफएओच्या रोमच्या कचेरीत नकाशावर उमटते. लंडनचे ते अंदाजाचे काम १९७८ मध्ये रोमला आले. त्या अंदाजाला शास्त्राचा आधार दिला तो आर. सी. रेनी यांनी. थवा मन मानेल तिकडे जात नाही, वाऱ्याच्या दिशेने जातो. आणि वारे जिथे एकत्र येतात तिथेच पाऊस पडतो, म्हणून टोळ नेमका ओल्या वाळूवर पोचतो, हे त्यांनी १९५१ मध्ये मांडले.

थवा खरोखरच आला तर मात्र वेळ फार थोडा. टोळ दिवसा उडतो, संध्याकाळी बसतो. रात्री तो कुठे उतरला हे शोधायचे आणि उजाडताना, तो उन्हाने तापून उडण्याआधी, फवारणी उरकायची. फवारणीवाल्यांचे सगळे आयुष्य पहाटेच्या त्या तीन-चार तासांत आहे. रंगही पाहावा लागतो. गुलाबी टोळ कोवळा असतो, लांब उडतो. पिवळा झाला की तो अंडी घालायच्या बेतात असतो आणि एका जागी टेकतो. कसलेला माणूस रंगावरून पुढच्या आठवड्याचे गणित करतो.

औषधांचा इतिहास काही अभिमानाने मिरवावा असा नाही. आर्सेनिक घातलेला कोंडा, मग बीएचसीची भुकटी, आल्ड्रिन, डिल्ड्रिन. ज्या डिल्ड्रिनचे पट्टे वाळवंटात महिनोन्‌महिने पिल्ले मारत राहायचे तेच, त्याच टिकाऊपणामुळे, पुढे बंद करावे लागले. आता मुख्यतः मॅलाथिऑन, हेक्टरी सुमारे एक लिटर, पाणी न मिसळता अतिसूक्ष्म थेंबांत. मेटारायझियम ही टोळांना मारणारी बुरशी अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून औषधात आणली. ती सावकाश मारते, त्यामुळे शेत डोळ्यांदेखत चालले असताना शेतकऱ्याला तिचे कौतुक सांगणे अवघड जाते.

१९६२ नंतर वर्षानुवर्षे चालणारी मोठी धाड भारतात झाली नाही. उठाव होत राहिले. त्यांत १९९३ चा मोठा, त्या वर्षी १७२ थवे आले आणि आवरले गेले. नंतरची पंचवीस वर्षे बहुतेक निरंकाची. अशा काळात कोणत्याही सरकारात एकच प्रश्न विचारला जातो: टोळ येत नाहीत, मग ही माणसे कशाला? अग्निशमन दलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण आग शहरात लागते.

मग २०१८ उजाडले. इथे 'निरंक' आणि 'कोरे' यांतला फरक कळतो. मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर धडकली. रब-अल-खाली, म्हणजे नावातच 'रिकामा पाव हिस्सा' असलेले ते अवाढव्य वाळवंट, भिजून निघाले. वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. तिथे रस्ता नाही, वस्ती नाही, पाहणी पथक नाही. टोळाच्या तीन पिढ्या एकामागून एक निघाल्या आणि जगाच्या तक्त्यात तो रकाना कोराच राहिला. कोणी 'निरंक' लिहिले नव्हते. तिथे कोणी गेलेच नव्हते. २०१९ च्या आरंभी थवे बाहेर पडले, काही येमेनकडे, काही आखात ओलांडून इराणकडे. येमेनमध्ये युद्ध चालू, म्हणजे आणखी एक कोरा रकाना. तिथून ते आफ्रिकेच्या शिंगात पोचले. इराण-पाकिस्तानच्या वाटेने २०१९ च्या मेमध्ये ते जैसलमेरला आले. एरवी नोव्हेंबरात पाठ फिरवणारे टोळ त्या हिवाळ्यात राहिले आणि बाडमेर, जालोर, बनासकांठा भागातले जिरे, इसबगोल, मोहरी त्यांनी खाल्ली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर उपाययोजना करावी लागली.

एप्रिल २०२० मध्ये ते पुन्हा आले, पावसाच्या कितीतरी आधी. थरमध्ये हिरवे पान नव्हते. टोळ कोवळे, गुलाबी, भुकेले. वारा पश्चिमेचा, जोराचा. ते थांबलेच नाहीत. जयपूरच्या गच्च्यांवर टोळ उतरले, मध्य प्रदेशातून खाली सरकले आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात अमरावती जिल्ह्यात मोर्शी-वरुडकडे, वर्ध्यात आष्टीकडे, नागपूर जिल्ह्यात काटोलकडे दाखल झाले. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. टाळेबंदीमुळे रस्ते ओस, आणि गावे मात्र रात्री जागी. कृषी सहायकांनी टोळ पुस्तकात पाहिलेला. थाळ्या, ढोल, फटाके, धूर, ट्रॅक्टरचे पंप, अग्निशमनाचे बंब, जे हाताशी आले ते चालवले गेले. राजस्थानची पहाटेची रीत विदर्भाने आठवडाभरात शिकून घेतली. पुढे भंडारा-गोंदियाकडेही थवे गेले. त्या वर्षी टोळ दहा राज्यांत फिरले, जूनअखेर नेपाळातही पोचले.

संघटनेच्या ताफ्याला हे सारे पुरे पडणार नव्हते. ब्रिटनमधून फवारणी यंत्रे मागवली, हेलिकॉप्टर आले, वायुदलाने आपले हेलिकॉप्टर फवारणीसाठी सज्ज केले. टोळांवर ड्रोन मोठ्या प्रमाणात वापरणारा भारत पहिला देश ठरला. खजुरीच्या शेंड्यावर किंवा उभ्या कड्यावर बसलेल्या टोळापर्यंत जीप जात नाही, ड्रोन जातो. दुसऱ्या देशात टोळ मारले की आपल्याकडचे कमी होतात, हे रावांचे जुने गणित आता व्यवहारातही उतरले: भारताने इराणला २५ टन मॅलाथिऑन पाठवले. आणि मुनाबावची बैठक? साथीमुळे ती पडद्यावर आली. मार्चपासून एफएओच्या पुढाकाराने चारही देशांचे अधिकारी दर आठवड्याला संगणकासमोर बसून आपापले तक्ते वाचत होते. गलवान, काश्मीर, लसी, टाळेबंदी यांच्या बातम्यांत या बैठकींना वर्तमानपत्रात एक ओळही क्वचित मिळाली असेल.

पावसाळ्यात थरमध्ये ते विणले, पिल्ले मारली गेली, आणि हिवाळ्यापर्यंत उठाव ओसरला. पुढच्या वर्षीपासून पंधरवड्याचे पत्रक पूर्ववत झाले.

संपादकांनी या लेखासाठी एखादे छायाचित्र मागितले आहे. २०२० च्या थव्यांची छायाचित्रे हवी तितकी मिळतील: जयपूरच्या इमारतींवरचे ढग, संत्र्याच्या फांद्यांना लगडलेले गुलाबी टोळ. मी त्यांना सुचवले आहे की एका बाजूला ते छापा आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या आडवर्षातल्या पत्रकाचे पान छापा, बिकानेरपासून भूजपर्यंत सगळ्या मंडलांसमोर एकच शब्द असलेले. छपाईला ते काही उठून दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. अजून निर्णय व्हायचा आहे.